तेविसावी ओळ

सुनेच्या फोनवरच्या यादीत मी हेडमास्तरांच्या नावावर बोट टेकवलं. पान उघडलं. वर नाव हेडमास्तरांचंच होतं, पण खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, ‘चारीचे दार फोडून विनापरवाना पाणी घेतले. पुढील पाळी बंद.’

सून हसायला लागली. “बाबा, हेडमास्तरांना पाणीचोर केलंत की!”

हे हेडमास्तर, आता निवृत्त, म्हणजे शाळेतला उरलेला खडूचा तुकडाही परत डब्यात ठेवणारे गृहस्थ. कुणालाही हसू आलं असतं. मला आलं नाही. मी फोन तिच्या हातात दिला आणि पाणी प्यायला म्हणून आत गेलो. तो शेरा कुणाचा होता ते मला माहीत होतं. सव्वीस वर्षांपूर्वी तो माझ्याच अक्षरात लिहिला गेला होता, आणि तेव्हाही तो असाच भलत्या माणसाच्या नावाखाली पडला होता.

हे मी आजवर लिहिलं नाही. आता लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी कालव्याच्या शाखेत कारकून म्हणून झाली. बारामतीच्या बाजूनं कालवा इंदापूरकडं जातो, त्याला चाऱ्या फुटतात आणि चारीवर शेतकऱ्यांच्या पाळ्या लागतात. पाळी शेवटाकडून सुरू होते. चारीच्या टोकाला ज्याचं शेत, त्याला पाणी पहिलं, मग त्याच्या वरच्याला. कुणाचं पाणी कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे सगळं पाळीपत्रकात. ते पत्रक लिहिणं माझं काम. चारीच्या तोंडाकडून मोजलेला अनुक्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र, वेळ आणि शेवटी शेरा. अक्षर चांगलं म्हणून साहेब माझ्याकडूनच लिहून घ्यायचे. त्याचा मला अभिमानही होता.

आमच्या कामात माणसाला नावानं कुणी ओळखत नसे. पाटकरी, म्हणजे चारीवर फिरून दारं उघडणारा आणि लावणारा माणूस, संध्याकाळी चिठ्ठी आणून द्यायचा. ‘अकराला पाणी पोचलं नाही.’ ‘अठराचं दोन तास राहिलं.’ नाव लिहायला जागा लागते, वेळ लागतो, आणि पाटकऱ्याला लिहायचा कंटाळा. अनुक्रमांक सोयीचा. यात काही चुकतं आहे असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

निवृत्त झालो आणि बारामतीला लागून असलेल्या जळोचीला मुलाच्या घरी राहायला आलो. सून घरी बसून कंपनीसाठी मोबाइलची ॲप तयार करते. इंदापूर तालुक्यातल्या ज्या चारीवर माझी अर्धी नोकरी गेली, तिथल्या पाणी वापर संस्थेनं गेल्या थंडीत विचारलं की पाळीपत्रक फोनवर दिसेल असं काही होईल का. सून म्हणाली, करू. तिला चारीतलं काही कळत नव्हतं आणि मला फोनमधलं. म्हणून रोज दुपारी चार वाजता चहा घेऊन आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसायचो.

मी पहिल्या दिवशी पाळीपत्रकाचा मोठा कागद पसरून म्हटलं, “हे असंच्या असं फोनवर उतरव.”

“बाबा, हा कागद चादरीएवढा आहे. फोन तळहाताएवढा. उन्हात बांधावर उभा राहिलेला माणूस काय वाचणार? त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. आधी चाऱ्यांची यादी. एक चारी दाबली की तिच्यावरच्या खातेदारांची यादी. एक नाव दाबलं की त्याचं पान, म्हणजे गट, क्षेत्र, पाळी, शेरे. मागं यायचं तर वरचा बाण.”

“म्हणजे कपाट उघडायचं, रजिस्टर काढायचं, पान उलटायचं.”

“झालं! तेच.”

मला ते पटलं. चाळीस वर्षं मी तेच करत आलो होतो, फक्त कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्याकडं.

मग तिनं एक गोष्ट विचारली, जी मी साधी समजलो. “यादीतली ओळ दाबली की पुढच्या स्क्रीनला सांगावं लागतं की कुणाचं पान उघडायचं. ओळीनं बरोबर काहीतरी खूण न्यावी लागते. काय न्यायचं?”

मी म्हणालो, “अनुक्रमांक. आमचं सगळं त्याच्यावरच चालतं.”

तिनं विचारलं, “मध्ये एखादं नाव आलं तर?”

“काही होत नाही. लिहायचं आपलं.”

ती म्हणाली, बघू, आधी नमुना तर करू. मला शिकायची हौस म्हणून यादीला पान जोडणारा तो भाग तिनं माझ्याकडूनच टाइप करून घेतला. चष्मा नाकावर, एका बोटानं, ओळीला एक कंस कमी. तिनं कंस भरला. पण आतला अनुक्रमांक माझा.

संस्थेची जुनी रजिस्टरं वाळवी खात होती, म्हणून मागचे शेरेही ॲपमध्ये घ्यायचे असं ठरलं होतं. मी वाचायचो, ती टाइप करायची. त्यात ती ओळ आली. मी ती वाचली. आवाजही हलला नाही माझा. तेव्हा बोलता आलं असतं. मी पुढच्या ओळीवर बोट नेलं.

त्यानंतर दोन दिवसांनी लक्षात आलं की नवव्या जागेवरचा एक खातेदार राहूनच गेलाय. तिनं त्याचं नाव यादीत घातलं. पानं दुसऱ्या ठिकाणी होती, तिथं घालायचं राहिलं. झालं. नवव्याच्या खालचा प्रत्येक माणूस एक घर सरकला, आणि ज्याचं नाव दाबावं त्याच्या शेजाऱ्याचे शेरे त्याच्या डोक्यावर. हेडमास्तर पाणीचोर झाले ते असे.

मी पाणी पिऊन परत आलो तर ती पडद्याकडं बघत होती. “बाबा, खूण ओळीची नेली, माणसाची नाही नेली. ओळ सरकते. माणूस सरकत नाही. प्रत्येकाला एक कायमची खूण देऊ, ती कधी बदलायची नाही.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “एवढं काय मनावर घेताय? नमुनाच आहे हा.”

मी खुर्चीत बसलो आणि तिला सांगितलं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ती जाऊन सहा वर्षं झाली.

उन्हाळी आवर्तनाचं पाणी कालव्याला चालू होतं. त्या आठवड्यात दोन भावांची वाटणी झाली, म्हणून सतराव्या ओळीखाली एक ओळ वाढली. मी पत्रक नव्यानं, सुंदर अक्षरात लिहून काढलं. पाटकऱ्याच्या खिशात मात्र जुनी प्रत. त्यानं चिठ्ठी दिली, ‘तेवीसनं दार फोडलं.’ मी माझ्या नव्या पत्रकात तेविसावी ओळ बघितली आणि शेरा लिहिला. साहेबांची सही झाली. जुन्या प्रतीतला तेविसावा माणूस माझ्या प्रतीत चोविसावा झाला होता. शेरा बसला त्याच्या वरच्या ओळीतल्या माणसावर.

तो माणूस चारीच्या टोकाकडच्या बौद्ध वस्तीवरचा. दोन एकर, सगळं स्वतः कसणारा. त्याची पाळी बंद झाली आणि उभा भुईमूग वाळला. तो शाखेत आला होता. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, “भाऊसाहेब, मी त्या दिशी गावात नव्हतो. सासुरवाडीला गेल्तो. इचारा कुणालाबी.” मी रजिस्टरात बघत म्हणालो, “इथं आहे ते आहे.” तेव्हा मला खरोखर माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी कळलं. पाटकरी खिशातली घडी पडलेली प्रत घेऊन आला. “भाऊसाहेब, गफलत झाली. मी म्हनत हुतो त्यो तेवीस येगळा.” आणि त्यानं नाव घेतलं. ते नाव मोठं होतं. ऊस मोठा, घर मोठं, साहेब त्यांच्याकडं हुरड्याला जायचे. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग पाटकऱ्याला म्हणालो, “सही झालीय आता. जाऊ दे.”

भीती होती. खाडाखोड केली तर मेमो मिळेल ही होती, मोठ्या माणसाचीही होती. पण एवढंच सांगून थांबलो तर तेही खोटं होईल. वस्तीवरचा माणूस काय करणार आहे, हेही माझ्या मनात होतं. आणि गावानं तो शेरा किती चटकन खरा मानला ते मी पाहिलं होतं. हेडमास्तरांच्या नावाखाली तो पडला असता तर लोकांनी माझीच चूक शोधली असती. त्याच्या नावाखाली पडल्यावर कुणी काही शोधलं नाही. पुढं चारीच्या समितीवर त्याचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा भर सभेत कुणीतरी म्हणालं, “चोराच्या हातात किल्ली देताय व्हय?” लोक हसले. मी शेजारी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत बसलो होतो.

सुनेनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तो मोठा माणूस?”

“वारला. पाटकरीही वारला.”

“आणि हे, वस्तीवरचे?”

“आहेत. माझ्याएवढेच असतील.”

आठ दिवसांनी संस्थेची सभा होती. तिथं ॲप सगळ्यांच्या फोनवर घालायचं होतं. इतकी वर्षं तो शेरा एका कपाटात होता, आता तो गावातल्या प्रत्येक खिशात जाणार होता. त्याच्या नातवंडांच्यासुद्धा.

“डिलीट करू?” तिनं विचारलं. “एक सेकंद लागेल.”

मी हो म्हणालो. तिनं ओळ पुसली. शेऱ्याची जागा पांढरी झाली. मला हलकं वाटायला हवं होतं. मी त्या पांढऱ्या जागेकडं बघत राहिलो आणि वाटलं, हे मी तेव्हाही करू शकलो असतो, कुणाला न सांगता. आत्ताही कुणाला न सांगताच करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं इंदापूरला गेलो आणि तिथून वडापच्या जीपनं वस्तीवर. घर आता पक्कं होतं, दारात मुलीची स्कूटी. मुलगी इंदापुरात बँकेत आहे असं नंतर कळलं. तो ओट्यावर बसून लसूण सोलत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“भाऊसाहेब? हिकडं कुठं वाट चुकला?”

मी बसलो. आधी तब्येतीचं वगैरे बोलावं असं एसटीत ठरवलं होतं. ते राहिलं. जसं घडलं तसं सांगून टाकलं, प्रती दोन होत्या इथपासून ‘जाऊ दे’ म्हणालो इथपर्यंत. तो लसूण सोलतच होता. मधेच हात थांबले. आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

तीच आधी बोलली. “पंधरा दिवसांत कळलं हुतं तुमाला?”

“हो.”

“पंधरा दिवसांत माजा निम्मा भुईमूग जित्ता हुता. मी घागरीनं पानी घालत हुते शेजारच्या हिरीवरनं. पंधरा दिवसांत सांगितलं असतं तर निम्मा आला असता.”

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तो म्हणाला, “मी आल्तो तुमच्या हापिसात. तुमी मान वर केली न्हाय. भुईमूग जाऊंद्या. मला त्येच ध्यानात हाय. मानूस हुबा हाय आन् भाऊसाब कागदात बघत्यात.”

मी म्हणालो, “ॲपमधून तो शेरा काल काढलाय. आता कुठंच दिसणार नाही.”

वाटलं होतं, निदान एवढ्यानं त्याला बरं वाटेल. तर तो एकदम ताठ बसला. “का काढला? कुनी सांगितलं काढायला?”

“तुमच्यावरचा डाग—”

“आवो, समद्या गावाला म्हाईत हाय माझ्या नावाम्होरं काय लिवलंय. आता तितं कायच दिसलं न्हाय तर लोकं काय म्हनत्याल? वशिला लावून पुसलं. आंगठ्याएवढी जागा मोकळी, आन् जल्माचा संशय. पुसू नका. ऱ्हाऊ द्या. त्येच्या खाली लिवा कुनी चूक केली. आन् सभंत हुबं ऱ्हाऊन सांगा.”

“आणि ज्यानं दार फोडलं त्याचं नाव?”

बायको म्हणाली, “घ्या की! का नगं?” पण त्यानं मान हलवली. “त्यो गेला. त्येच्या पोरांनी दार फोडलं न्हाय. त्येचं नाव काढू नगा. तुमचं काढा.”

मी उठलो. बायकोनं विचारलं नव्हतं, पण सवयीनं मी चहाची वाट बघितली असणार, कारण ती म्हणाली, “च्या सभंनंतर. आधी तितं बोला.”

परत आल्यावर सुनेनं शेरा जसाच्या तसा पुन्हा घातला. दुरुस्ती मी लिहिली. पहिल्या खेपेला सरकारी भाषेत झाली, ‘नजरचुकीने सदर नोंद...’ तिनं वाचून नाक मुरडलं. दुसऱ्या खेपेला साधं लिहिलं : ‘वरील शेरा चुकीचा आहे. या खातेदाराने पाणी घेतलेले नाही. दोन प्रतींतले अनुक्रमांक वेगळे असल्याने तो मी, तेव्हाचा कारकून, चुकीच्या ओळीत लिहिला. चूक पंधरा दिवसांत मला समजली होती. मी दुरुस्त केली नाही.’ खाली माझं नाव.

मग कुठं ठेवायचं यावर जुंपली. मी म्हणालो, शेऱ्याशेजारी ‘दुरुस्ती’ अशी एक ओळ ठेवू, ती दाबली की वेगळी स्क्रीन उघडेल आणि तिथं मजकूर.

“म्हणजे चारी, मग खातेदार, मग पान, मग ही चौथी स्क्रीन. बाबा, चौथ्या स्क्रीनवर कोण जातं?”

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

“तुम्हाला पण माहिती आहे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “शेरा जिथं दिसतो तिथंच दुरुस्ती दिसली पाहिजे. त्याच अक्षरात, तेवढ्याच आकाराची.”

तसंच केलं. अनुक्रमांकाचा जोडही मी माझ्या हातानं काढून टाकला आणि प्रत्येक खातेदाराला कायमची खूण दिली. मग यादी उलटी करून बघितली, मधे खोटी नावं घालून बघितली, काढून बघितली. तीन दिवस माझा तोच उद्योग. दाबलं की त्याच माणसाचं पान. परत मागं. पुन्हा दाबलं की त्याचंच. सून म्हणाली, पुरे आता, बोट झिजेल.

सभा सकाळी अकराला समाजमंदिरात होती. सुनेनं ॲप दाखवलं, लोकांनी फोन पुढं केले, रेंज येईना म्हणून निम्मे बाहेर गेले आणि परत आले. मग मी उभा राहिलो. कागद नेला होता, पण तो खिशातच ठेवला. कागदात बघत बोलायचं नव्हतं. वस्तीवरचा तो माणूस मागच्या भिंतीला टेकून बसला होता, शेजारी बायको. मी त्याच्याकडं बघून बोललो.

मग पुढून एकजण म्हणाला, “मग इतकी वर्सं काय झोपला हुता व्हय, भाऊसाहेब?”

“नाही,” मी म्हणालो. “जागाच होतो. म्हणून जास्त वाईट.”

दुसरा म्हणाला, “मग खरा चोर कोन?” मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, आणि का नाही ते ज्यांच्यावर शेरा पडला त्यांना विचारा. सगळ्या माना मागं वळल्या. हेडमास्तर उठून उभे राहिले. आता भाषण होणार असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, “मागं सभेत चोराच्या हाती किल्ली म्हणणारा मीच होतो.” आणि चालत मागं जाऊन त्याच्या शेजारी सतरंजीवर बसले. हे मला माहीत नव्हतं. इतिवृत्तात मी बोलणाऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं.

त्यानं फोन काढला. लांब धरला, अजून लांब धरला. चारी दाबली. यादी खाली सरकवली आणि आपल्या नावावर अंगठा ठेवला. वर त्याचं नाव आलं, खाली त्याचाच गट नंबर, त्याचंच क्षेत्र, जुना शेरा आणि त्याच्या खाली माझं लिहिणं. त्यानं ते ओठ हलवत वाचलं. संपल्यावर फोन बायकोकडं दिला. तिनं चष्मा लावून सगळं पुन्हा वाचलं, माझ्या नावापर्यंत.

“हां,” तो म्हणाला. “आता बराबर हाय.”

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो, हेडमास्तर, सून आणि मी. चहा झाला. त्याच्या बायकोनं माझ्या हातात कप दिला आणि म्हणाली, “घ्या. भुईमुगाचं मातर मी इसरनार न्हाय, सांगून ठिवते.”

“नका विसरू,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. सगळं माफ झालं असं कुणी म्हणालं असतं, तर माझा विश्वास बसला नसता.

सुनेला इंदापुरात काम होतं, म्हणून परत येताना मी एकटाच एसटीत बसलो. खिडकीची जागा मिळाली होती. कालव्याचा पूल यायची वाट बघायची असं ठरवलं होतं, तो दिसलाच नाही. कंडक्टरनं खांद्याला हात लावून हलवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती.

“उठा आबा,” तो म्हणाला. “बारामती आली. इंदापूरपासनं घोरताय.”